गायबरावांची भेग

गवंडीकामात गायबरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचं खरं नाव आता बायकोलाही आठवून सांगावं लागे. चिरलेली भिंत द्या, फुटलेलं छत द्या, हे गृहस्थ अशी डागडुजी करणार की भेग कुठे होती ते घरमालकालाही सांगता येऊ नये. म्हणून गायबराव!

पण त्या कौतुकानंच एकदा पंचाईत केली. व्याह्यांनी तुमचं एखादं काम तर दाखवा म्हणून हट्ट धरला. गायबरावांनी त्यांना मोठ्या थाटात एका दुकानाच्या भिंतीसमोर उभं केलं. व्याह्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि इथे नेमकं काय केलंय असं विचारलं. दिसत नाही तेच तर काम, असं गायबराव म्हणाले खरे, पण बायको शरमेनं अर्धी झाली. जन्मभर राबून माणसाकडे दाखवायला वीतभर भिंत नसावी, हे तिच्या मनाला फार लागलं.

पुढे जुन्या पिठाच्या गिरणीचं वाचनालय करायचं ठरलं. तिथल्या आर्किटेक्टबाईंची तऱ्हाच निराळी. दर्शनी भिंतीत खिडकीपासून दारापर्यंत वाकडीतिकडी भेग होती. ती लपवायची नाही, लाल चुन्यानं भरायची, भिंतीनं काय सोसलं ते लोकांना दिसू दे, असं त्यांचं म्हणणं. गायबरावांना काही ते पटेना. बायकोला मात्र चटकन पटलं आणि तिनं व्याह्यांना उद्घाटनाचं आमंत्रणही देऊन टाकलं.

आणि या शहाण्यानं काय करावं? बाई परगावी गेलेल्या, लाल चुना अजून यायचा होता, समोर उघडी भेग आणि हातात थापी. हात शिवशिवले. भानावर आले तेव्हा भेग गुळगुळीत!

बाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या. गायबरावांनी भिंत ठोकली, कान लावला, बोटं फिरवली. छे, कुठे काही सापडेल तर शपथ! भलतीकडे खणावं तर चांगल्या भिंतीचा सत्यानाश. डबा घेऊन आलेल्या बायकोला हे सांगताना ते रडवेले झाले.

"एक दिवस तरी वाईट काम करता आलं नाही तुम्हाला?" म्हणत तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्या अंगावर भिरकावला. गायबराव सवयीनं खाली वाकले. पाणी भिंतीवर उडालं. थोड्या वेळानं जुना भाग वाळत आला, पण ताजा चुना ओलाच राहिला आणि भेगेचा एक तुकडा काळसर उमटला. मग काय, नवराबायकोनं मिळून सगळी भिंत बादल्यांनी न्हाऊ घातली आणि उमटेल तशी भेग पुन्हा उकरून काढली.

उद्घाटनाला व्याही त्या लाल रेघेसमोर बराच वेळ थांबले. तिच्यावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "ही कोणी भरली?"



"आमच्या ह्यांनी," बायको म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता. पण बाहेर पडेपर्यंत तिनं नवऱ्याचा उजवा हात घट्ट धरून ठेवला. त्या हाताचा तिला अजून भरवसा नव्हता.