वहिनींनी निवडलेल्या खुर्च्या

वहिनींनी लाँचसाठी खुर्च्या निवडायला घेतल्या आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. त्या काळात घर सोडून जायचंही माझ्या मनात येऊन गेलं. गेलो नाही, कारण आमचं इंजिन माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. वहिनींना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याच जोरावर त्या मला दुकानोदुकानी फरफटत नेत होत्या.

आमची लाँच तलावाच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेते. या काठाला घरं, त्या काठाला बाजार, दवाखाना आणि कचेऱ्या. सुकाणूवर माझा दादा, इंजिनावर मी आणि तिकिटांना वहिनी, असं आमचं सुरळीत चाललं होतं. मग दादाला झटका आला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, हात मात्र खांद्याला नुसता लटकत राहिला. सुकाणू वहिनींनी हातात घेतलं. त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि त्यांना काही विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिकिटं धक्क्यावरचा चहावाला फाडू लागला.

जरा बरं वाटल्यावर दादा एकदा लाँचवर आला होता. आमची बाकडी जुन्या जाड लाकडाची, बुटकी, ना पाठ ना हात. तो बसला ऐटीत. पलीकडचा काठ आला, लोक उतरायला लागले आणि याला उठता येईना. डावा हात टेकवायला कुठे काही नव्हतं. त्याने जोर करून पाहिला, चेहरा लाल झाला, काठी घसरली. शेवटी भाजीवाली आणि शिंपी या दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. वर भाजीवालीने त्याची पाठ थोपटली, लहान मुलाची थोपटावी तशी. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दादा घरी आला आणि त्यानंतर लाँचवर पाऊल ठेवायला तयार होईना. बाहेरच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसायचा. चल म्हटलं की गुडघा दुखतोय म्हणायचा. कुठला गुडघा ते सांगायचा नाही.

एके सकाळी मी इंजिन पुसत असताना वहिनी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ही बाकडी काढायची."

"चांगली आहेत की."

"चांगली आहेत तुमच्यासाठी. ह्यांना कुणाचा हात न लागता उठता आलं पाहिजे. असं काहीतरी बसायला आणायचं. दुसरं मला काही नको."

"मग एक खुर्ची आणू. हात असलेली. सुकाणूजवळ ठेवू."

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फडकं खाली ठेवलं. "एकच ठेवली तर ती आजाऱ्याची खुर्ची होईल. तिच्यावर ते या जन्मात बसायचे नाहीत. सगळ्या सारख्या पाहिजेत. आणि घरात यातलं काही बोलायचं नाही."

म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. एका माणसाच्या बुडासाठी सगळ्या लाँचचं सामान बदलायचं आणि ते त्या माणसाला कळूही द्यायचं नाही.

पहिलं दुकान सोफ्यांचं. थंडगार, काचेचं, आणि विक्रेता टाय लावून उभा. त्याने कापडाचे नमुने पुढे केले. वहिनींनी ते बाजूला सारले, उजवा हात पाठीमागे घेतला, उजवा पाय काठीसारखा ताठ पुढे केला आणि सोफ्यावर धपकन बसल्या. मग फक्त डाव्या हाताने रेटून उठायला लागल्या. सोफा आणखी आत घेत गेला. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली.

"बाईंना बरं नाही का?" विक्रेत्याने मला हळूच विचारलं.

"त्या ठणठणीत आहेत, तोच तर त्रास आहे," मी म्हणालो आणि हात द्यायला पुढे झालो.

"हात लावू नका भाऊजी," वहिनी सोफ्याच्या तळातून म्हणाल्या.

बऱ्याच खटपटीने त्या बाहेर आल्या. विक्रेत्याने पाणी आणलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं, की तुमच्या सोफ्यात बसलेल्या माणसाला काढायला दोर टाकावा लागेल. तो बिचारा अजून हसायचं की नाही हे ठरवत असेल.

पुढे प्रत्येक ठिकाणी हाच प्रयोग. बसच्या सीटा बघितल्या, त्यांचे हात जोर दिला की डगमगायचे. कचेरीतल्या खुर्च्या मला आवडल्या, पण त्यांना चाकं. "एक लाट आली की सगळे प्रवासी एका कोपऱ्यात," वहिनी म्हणाल्या. चित्रपटगृहातल्या खुर्च्या माणूस अर्धा उठला की मिटायला लागतात आणि ज्याला पटकन उठता येत नाही त्याला मागून ढकलतात. मग दवाखान्याच्या सामानाचं दुकान. तिथल्या खुर्चीतून वहिनी एका झटक्यात उठल्या. उंची नेमकी, हात भक्कम, पाठ सरळ. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला.

"झालं. ह्याच घ्या," मी म्हणालो.

"रंग बघितलात?"

"रंग बदलता येतो."

"रंग बदलाल हो. पण बघितल्याबरोबर दवाखाना आठवतो त्याचं काय करणार? सगळी लाँच रुग्णवाहिका वाटेल."

तिथे माझा तोल सुटला. भर रस्त्यात मी त्यांना म्हणालो, की तुम्हाला खुर्ची नकोच आहे, तुम्हाला नुसतं हिंडायचंय. दादा घरात भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि तुम्ही रंग बघताय. वहिनी पुढे चालायला लागल्या. बरंच अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्यांचा उजवा हात अजून पाठीमागेच आहे. सोडायचा विसरल्या होत्या. मग मीही त्यांच्या मागोमाग पुढच्या दुकानाकडे चालू लागलो. राग मात्र गेला नव्हता.

शेवटी खुर्च्या मिळाल्या त्या जुनं सामान विकणाऱ्याकडे. बंद पडलेल्या कुठल्याशा प्रतीक्षालयातल्या, ॲल्युमिनियमच्या, रुंद हातांच्या आणि उचलायला अगदी हलक्या. गाद्या फाटलेल्या होत्या. त्यामुळे आता गादीवाल्याशी भांडण सुरू झालं. तो म्हणे मऊ फोम घाला, लोक खूश होतात. वहिनी म्हणाल्या, लोक रुततात. तो नमुना करून आणायचा, त्या बसायच्या, उठायच्या आणि परत पाठवायच्या. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "बाई, मग लाकडाची फळीच बसवा." त्यावर त्यांनी थोडा वेळ खरंच विचार केला.

खुर्च्या बसवायला सुतार बोलावला. त्याला सगळे होऊनजाईल म्हणतात, कारण काहीही विचारा, तो "होऊन जाईल" म्हणतो, आणि ते झालेलं नसतं. जुनी बाकडी काढायला त्याचा घाम निघाला. बाकड्यांखाली लाइफ जॅकेट होती, ती निघाली. त्यांच्याखालच्या फळ्या उचलल्या तर तळाशी दगडगोटे आणि गंजलेल्या लोखंडाचे तुकडे, नीट ओळीने रचलेले, शेवाळ धरलेले.

"हे काय?" होऊनजाईलने विचारलं.

"दादाचा उद्योग. तो काही टाकून देत नाही," मी म्हणालो.

"काढा सगळं," वहिनी म्हणाल्या. "घाण नुसती."

मग नव्या खुर्च्यांची भोकं आणि लाँचच्या तळाच्या पट्ट्या जुळेनात. जमीन मधे फुगीर, कडेला उतरती, त्यामुळे एकेका खुर्चीच्या पायाखाली वेगळ्या जाडीचा ठोकळा लागला. लाइफ जॅकेटना नवी पेटी करावी लागली. ती आधी अशा जागी आली, की शेजारच्या खुर्चीच्या डाव्या हातावर हात ठेवता येईना. म्हणजे ज्या हातासाठी सगळा खटाटोप, तोच झाकला. पेटी उखडून सुकाणूजवळ हलवली. फेऱ्या बंद होत्या, प्रवासी लांबच्या रस्त्याने जात होते आणि भेटेल तिथे आम्हाला ऐकवत होते. मी होऊनजाईलला विचारलं की संपणार कधी. त्याने काय उत्तर दिलं ते सांगायला नको.

एकदाच्या खुर्च्या लागल्या. विटकरी रंगाच्या, ओळीत, छान दिसत होत्या. पहिल्या फेरीला लाँच कशी हलकी पळाली, मला तर इंजिनाचाच अभिमान वाटला. चढताना भाजीवाली कुरकुरली, "पायरी उंच केलीत का रे?" मी म्हटलं, मावशी, तुमचं वय झालं. आमच्यापैकी कुणाच्याच काही ध्यानात आलं नाही, कारण आम्ही घरची माणसं लाँचवर चढत नाही. आम्ही उडी मारतो. लहानपणापासून धक्क्यावरून टुणकन आत. मधे काय आहे ते बघायची आम्हाला कधी वेळच आली नाही.

दादाला आणायला वहिनींनी युक्ती काढली. नव्या खुर्च्यांबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत, तुम्ही एकदा बघून सांगा, म्हणाल्या. तक्रार म्हटल्यावर दादा उठला. काठी टेकत, थांबत, तो धक्क्यावर आला. वहिनी आधीच सुकाणूवर जाऊन उभ्या होत्या, जणू काही विशेष नाहीच. मी इंजिनाच्या खोलगटातून मान वर काढून बघत होतो.

दादा कडेशी आला आणि थांबला.

आमचा धक्का पिंपांवर तरंगता आहे. पाणी वाढो की उतरो, धक्का आणि लाँच बरोबरच वरखाली होतात. लाँचची कड धक्क्याला अगदी लागून, सपाट असायची. ती आता चांगली चार बोटं वर आली होती. तुम्हाआम्हाला चार बोटं म्हणजे काहीच नाही. पण उजवा पाय दादाला तेवढाही उचलता येत नव्हता, आणि डावा आधी टाकायचा तर मागे उजव्यावर भार पेलत नव्हता. बसायचं कसं आणि उठायचं कसं, यावर आम्ही अख्खं शहर पालथं घातलं होतं. आत यायचं कसं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या होऊनजाईलला तलावात बुडवावंसं वाटलं, आणि त्याच्यामागोमाग स्वतःलाही. वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता.

मागून शिंपी आला आणि हात पुढे करून म्हणाला, "चला, आम्ही उचलतो."

दादाने काठी आडवी धरली. शिंपी मागे सरला.

"दगड काढले?" दादाने विचारलं. मी वहिनींकडे पाहिलं. "लाँच वर आलीय. दगड काढले तुम्ही."

"घालतो परत. उद्याच घालतो," मी म्हणालो.

"मग उद्या येतो," म्हणाला आणि वळला.

तो उद्या कधी येणार नाही हे मला कळलं, वहिनींना तर माझ्याआधी कळलं.

"अहो, थांबा जरा," त्या म्हणाल्या. मग प्रवाशांवर ओरडल्या, "चला, सगळे आत. पुढच्या फेरीचेही या. वाट कसली बघताय?"

लोक कुरकुरत चढायला लागले. शाळेच्या बाई, शिंपी, टोपल्या घेऊन भाजीवाली, चहावालासुद्धा. एकेक माणूस आत जाईल तशी कड खाली यायला लागली. दादा वळून बघत होता. माणसांकडे नाही, कडेकडे.

"तिकडं नको," तो अचानक म्हणाला. "इकडच्या बाजूला बसा. धक्क्याच्या बाजूला. मावशी, टोपल्या इकडं."

आवाज जुना होता. मी तो कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. लोक निमूट सरकले. लाँच धक्क्याकडे कलली आणि कड बरोबरीला आली. दादाने उजवा पाय सरपटत आत घेतला, मग डावा. कुणाचा हात लागला नाही.

आत एकही खुर्ची रिकामी नव्हती. खुर्च्याच काय, त्यांचे ते रुंद हातसुद्धा लोकांनी धरले होते. शिंपी उठायला लागला तसा दादा म्हणाला, "हलू नका. मी मधे पोचेपर्यंत कुणी हलायचं नाही." सावकाश चालत तो सुकाणूशी गेला आणि डाव्या हाताने खांब धरून वहिनींच्या शेजारी उभा राहिला.

"बसा की हो," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "इतक्या खुर्च्या आणल्या कुणासाठी?"

बोलून गेल्या आणि मग ओठ चावला. दादाने मागे वळून खुर्च्यांची ओळ बघितली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळ्या सारख्या. मग पुढे तोंड करून म्हणाला, "जरा बाहेर घे. धक्क्याला घासेल."

"मग तुम्हीच घ्या," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सुकाणू सोडलं.

रागाने सोडलं की मुद्दाम सोडलं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. दादाने पोटाने खांबाला रेलून डावा हात सुकाणूवर ठेवला. लाँच धक्क्यापासून सुटली. वहिनींना बसायला जागा नव्हती, म्हणून त्या लाइफ जॅकेटच्या पेटीवर बसल्या. तलावाच्या मधे आल्यावर त्यांनी विचारलं, "खुर्च्या कशा वाटल्या?"

"अजून कुठं बसलोय? येताना जागा होईल. तेव्हा बघतो."

वहिनींनी तोंड फिरवलं आणि माझ्यावर खेकसल्या, की इंजिन धूर किती काढतंय, लक्ष कुठे आहे तुमचं. इंजिन धूर काढत नव्हतं. मी म्हटलं, बघतो.