आईंनी आवरलेली खोली

कोडी सोडवून तासाभरात बाहेर पडायचं, अशा खेळाच्या एस्केप रूमचं दार बाहेरून बंद झालं आणि सासूबाईंनी सवयीने पसारा आवरायला घेतला. विखुरलेल्या चपला त्यांनी जोडीने भिंतीशी लावल्या.

"अहो आई, चपला कशा पडल्यात त्यावरूनच कुलपाचा आकडा कळणार होता!" मी कळवळले.

मग सासू-सासरे, नवरा आणि मी असे आम्ही चौघं जमिनीवर बसून कुठली चप्पल कुठे होती ते आठवू लागलो. कोडी घरातही असतात, पण तिथे जो तो आपापल्या खोलीत ती सोडवतो. एरवी जेवतानाही टीव्हीकडे बघणारे सासरे मला विचारत होते, "तुला काय आठवतंय गं?"

वेळ संपली. तिथल्या मुलीने दार उघडलं. कुणीच उठेना.

"दार लाव गं जरा," सासरे तिला म्हणाले, "आत्ता कुठे आठवायला लागलंय."