दत्तूचीच डिस्क का उडते?

सँडरवरून सुटलेली डिस्क माझ्या बुटावर आदळली आणि भिंतीपाशी जाऊन पडली. कैलासशेठ म्हणाले, "बघितलं ना मॅडम? हा तुमचा ग्लू."

अंबडमध्ये त्यांचा दारं बनवायचा कारखाना आहे. त्र्यंबकेश्वरच्या एका भक्तनिवासाची दारं चालू होती. मी ॲडहेसिव्ह कंपनीच्या टेक्निकल सर्व्हिसला आहे. म्हणजे माल विकणारे पुढे निघून जातात आणि शिव्या खायला मागून मला पाठवतात.

सँडर म्हणजे लाकूड घासायचं मशीन. त्याच्या फोमच्या पॅडवर सँडपेपरची गोल डिस्क चिकटवायची, झिजली की काढून नवी लावायची. आमच्या डिस्कला मागून ग्लू लावलेलाच असतो. दाबला की चिकटतो, ओढला की निघतो.

शेठना तो नको होता. त्यांना चपला चिकटवायचं रबर सोल्युशन हवं होतं. फोनवर आमचे साहेबही म्हणाले, मागतायत तर देऊन टाक. मी नाही म्हटलं. ते एकदा सुकलं की पेपर पॅडचा फोम घेऊनच निघतो, आणि थिनरने पुसायला जावं तर थिनर उरलेला फोम खातं. वेलक्रोची डिस्क सुचवली, पण तिला सगळी पॅडं बदलावी लागतात. ते ऐकूनच शेठनी हात झटकले.

"ग्लू बरोबर असेल तर माणूस चुकीचा," ते म्हणाले. "फक्त दत्तूच्याच उडतात. शनिवारी सुट्टी आहे. शुक्रवारी त्याला घरी पाठवतो."

दत्तू समोरच उभा होता. दिंडोरीकडचा, चाळिशीतला. मला संताप आला. तक्रार माझ्या ग्लूची आणि नोकरी जाणार याची. कारण सापडल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

आधी दोन मशीनांवर कोरी पॅडं चढवली आणि मशीनं बदलली. दत्तूला शेजारच्याचं दिलं, शेजारच्याला दत्तूचं, आणि डिस्क ज्याची त्याला लावायला सांगितली. थोड्या वेळात डिस्क उडाली ती दत्तूचीच. निकाल लागल्यासारखं शेठनी माझ्याकडे बघितलं. पण म्हणजे मशीन सुटलं, डिस्क सुटली. दत्तू असं काहीतरी करत होता, जे बाकीचे करत नव्हते.

मी त्याला पेपर बदलून दाखवायला सांगितलं. त्याने जुनी डिस्क गरम असतानाच ओढून काढली. तेच बरोबर, गार झाली की ग्लू पॅडवर राहतो. मग एअर गनने पॅडवर हवा मारली, नवी डिस्क मधोमध बसवली, तळहाताने सगळीकडून दाबली. नावं ठेवायला जागा नव्हती. शेजारच्याने पॅडवर नुसता हात फिरवला आणि डिस्क थापली. ती मात्र जाम हलेना.

"दत्तूभाऊ, दरवेळी हवा मारता?"

"मारतो ना. ह्या लोकांना लय कंटाळा हाय. धूळ राहिली तर चिकटंल कसं?"

मीही सगळ्यांना हेच सांगते. मग हवाच बघायची राहिली होती. दाराला लावायची एक काच मागवली, स्वच्छ पुसली आणि तिच्यावर गन धरली. काही दिसेना. शेठ घड्याळ बघायला लागले. मी गन धरूनच ठेवली. मग बोट फिरवलं, ते सरकन घसरलं. तेल!

कारखान्यातली सगळी हवा कॉम्प्रेसरमधून येते, आणि जुना कॉम्प्रेसर हवेबरोबर थोडं तेल फेकतो. पॉलिश फवारायच्या हवेच्या लाइनला तेल अडवणारा फिल्टर होता, पण धूळ उडवायची गन फिल्टरच्या अलीकडेच जोडलेली. दत्तू बिचारा पॅड साफ करायला जायचा आणि दरवेळी त्याला तेल लावायचा. तेलावर कुठलाच ग्लू धरत नाही, रबर सोल्युशनही नाही.

फडक्यावर जरासं स्पिरिट घेऊन त्याचं पॅड पुसलं, सुकू दिलं. पुढे हवा बंद, कोरडं फडकं. दत्तू दारामागून दार घासत राहिला. संध्याकाळपर्यंत डिस्का झिजल्या, उडाली एकही नाही.

शेठ त्याच्याजवळ गेले. "शुक्रवारचं डोक्यातून काढ," एवढंच म्हणाले. दत्तूने मान हलवली आणि मशीन पुन्हा चालू केलं.

साहेबांनी विचारलं, काय विकलंस? मी म्हटलं, काही नाही, त्यांना फिल्टर हवाय आणि तो आपण बनवत नाही.

आता कुणी जास्त घट्ट ग्लू मागितला की मी आधी पॅड कशाने पुसता ते विचारते. आणि सांगून ठेवते, सगळ्यात टापटिपीच्या माणसाला एवढ्यात घरी पाठवू नका.