सरळ मागे

शेवटाची काळजी सुरुवातीपासून करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचतात. रहस्यकथा हातात पडली की आधी खुनी कोण ते पाहून घेतात आणि मग निश्चिंत मनाने पहिल्या पानापासून त्याच्यावर नजर ठेवतात. लग्नात अक्षतांच्या वेळी ते कुठे दिसत नाहीत, पण मुलगी सासरी निघते तेव्हा दाराशी हमखास उभे असतात, कारण त्यांच्या मते लग्नात खरं काय ते तेवढंच घडतं. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्यांनी सारी नोकरी केली. तिथेही नवी योजना आली की ती बंद कशी करायची याची तरतूद कुठल्या परिच्छेदात आहे, हे ते प्रथम विचारत. "सुरुवातीला सगळेच शहाणे असतात, जावईबापू," ते मला म्हणाले होते. "माणूस कळतो तो आवरायची वेळ आली की."

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी दिल्लीच्याच द्वारका उपनगरात फ्लॅट घेतला. त्या वेळी तिथे सहकारी सोसायट्यांच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. मेट्रो यायची होती, बाजार यायचा होता, पाणी टँकरने येत होतं, पण इमारतींची नावं मात्र आधीच येऊन पोचली होती आणि ती राजवाड्यांनाही जरा जड झाली असती. लोक बाल्कनीतून काय दिसतं ते पाहत, स्वयंपाकघराची दिशा पाहत. मामांनी खिशातून टेप काढून लिफ्ट मोजली आणि सेक्रेटरींना विचारलं, "इसमें स्ट्रेचर आएगा?" सेक्रेटरी म्हणाले, "मामाजी, शुभ-शुभ बोलिए, अभी तो गृहप्रवेश भी नहीं हुआ." मामा अशुभ बोलतच राहिले आणि दोन लिफ्टांपैकी एक मोठी करून घेऊनच थांबले. काही वर्षांनी मामींना त्याच लिफ्टमधून खाली नेलं. स्ट्रेचर व्यवस्थित मावला. त्या लिफ्टबद्दल मामा पुन्हा कधी बोलले नाहीत. लिफ्टच्या पुढचं त्यांनी काही पाहून ठेवलेलं नव्हतं.

बुद्धिबळ ते आधीपासून खेळत, पण मामी गेल्यावर त्यात पूर्ण शिरले. इथेही त्यांचा मार्ग ठरलेला होता. डावाची सुरुवात त्यांना पोरकट वाटे, मधली मारामारी असंस्कृत वाटे. हत्ती-घोडे निघून गेले, पटावर दोन राजे आणि एखाददुसरं प्यादं उरलं, की तिथून त्यांच्या मते बुद्धिबळ सुरू होई. कुठल्या घरात राजा असला तर प्यादं वजीर होतं आणि कुठल्या घरात असला तर होत नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अडचण एकच होती. डावाच्या त्या टप्प्यापर्यंत मामा कधी जिवंत पोचतच नसत.

याला कारण खुरानाजी. हे समोरच्या टॉवरमध्ये राहत. पहाडगंजला हॉटेलांना चादरी, टॉवेल आणि पानिपतची ब्लँकेटं पुरवण्याचा त्यांचा ठोक व्यापार होता. तो मुलांवर सोपवून ते इथे आले होते. मामांपेक्षा वयाने मोठे, पण सोसायटीतल्या मराठी मंडळींचं ऐकून तेही त्यांना मामाजी म्हणत. बुद्धिबळ ते बाजारात शिकले होते, म्हणजे भरभर, बोलत आणि समोरच्याला विचार करायला वेळ न देता. पार्कातल्या सिमेंटच्या बाकावर पट मांडला जाई, आणि मामा राजाची सोय पाहत असतानाच खुरानाजींचा घोडा राजाला शह देऊन वजिरावरही डोळा ठेवत असे. "मामाजी, वजीर गया," ते सांगत, बस चुकलेल्या माणसाला सांगावं तसं. हिवाळ्यात ब्लँकेट पांघरून यायचे आणि पट मांडतानाच म्हणायचे, "पानिपत का माल है. आपको तो इसका नाम लेते ही ठंड लगती होगी." मामा म्हणायचे, "चाल चलिए." मग हरायचे.

मामांच्या विद्वत्तेची कदर झाल्याचा प्रसंग एकच. शेजारच्या सोसायटीने खेळांची खोली काढली म्हणून आमच्याही सोसायटीच्या समितीने काढली; तोवर आम्हीही तिथे राहायला आलो होतो. फीत कापायला आलेल्या पुढाऱ्यांना फोटोसाठी पहिली चाल करायला सांगितलं. त्यांनी हत्ती उचलून प्याद्यावरून पलीकडे ठेवला आणि टाळ्या पडल्या. मग मामांना दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. मामा एक राजा आणि एक प्यादं यांवर इतका वेळ बोलले की समोसे थंड झाले. शेवटी एका बाईंनी विचारलं, "अंकल, बाकी हाथी-घोड़े कहाँ गए?" मामा म्हणाले, "मर गए." सभा तिथे संपली.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, शेवट सुंदर आहे, मान्य. पण तिथवर जगायला नको का? घोड्याच्या आणि उंटाच्या युक्त्यांचा थोडा अभ्यास करा." मी त्यांना त्याचं एक पुस्तक आणून दिलं. ते चाळून म्हणाले, "हे पाकीटमाराचं शिक्षण आहे." पण ठेवून घेतलं. कारण काही दिवसांपूर्वीच कळलं होतं की खुरानाजींचा धाकटा मुलगा त्यांना कॅनडाला बोलावतोय, आणि या वेळी कागदपत्रं पूर्ण होण्याची चिन्हं होती. जाण्याआधी त्यांना एकदा, एकच डाव, तोही शेवटाच्या अभ्यासाने हरवायचं, एवढी एक इच्छा मामांच्या मनात होती. दुसरी कुठली मी त्यांच्या तोंडून मामी गेल्यापासून ऐकली नव्हती.

मग हा माणूस रोज सकाळी चहाबरोबर पाकीटमारी शिकू लागला. चेहरा औषध घेतल्यासारखा, पण शिकला. आपलं कुठलं मोहरं उघड्यावर पडलंय ते त्यांना आता दिसू लागलं. घाई न करता प्यादी एकमेकांच्या आधाराने कशी उभी करायची, चांगल्या घरात घोडा कसा बसवायचा आणि अडचण वाटली की मारामारी करून पट हलका कसा करायचा, हेही जमू लागलं. डाव लांबू लागले. पूर्वी चहा येईपर्यंत संपणारा डाव आता ऊन बाकावरून हलेपर्यंत चाले. "मामाजी, आप तो बिल्कुल बदल गए, यार," खुरानाजी तक्रार करत. "पहले कितने शरीफ़ आदमी थे." हरत मात्र मामाच होते, पण उशिरा हरत होते, आणि वजीर गमावून हरणं व दोन प्याद्यांनी हरणं यांत किती अंतर आहे ते मला पटवून देत होते.

खुरानाजींचा व्हिसा आला. निघायच्या दिवशी दुपारी सामान खाली आलं, टॅक्सी फाटकाशी उभी राहिली, आणि दोघे बाकावर होते. मीही सुटकेस उचलायच्या निमित्ताने तिथेच होतो. त्या दिवशी खुरानाजी नेहमीसारखे तुटून पडत नव्हते. मामांनी वजिरावर वजीर घातला, खुरानाजींनी अदलाबदल होऊ दिली. हत्ती गेले, घोडे गेले. पटावर मामांचा राजा, त्याच्याजवळ एक प्यादं, आणि प्याद्याच्या वाटेत खुरानाजींचा एकटा राजा. मामांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तो दिसू नये म्हणून ते चष्मा पुसायला लागले.

खुरानाजींची चाल होती. राजाला मागे हटणं भाग होतं. मला मामांनी हे इतक्या वेळा शिकवलं होतं की मलाही कळत होतं: राजा सरळ मागे गेला तर डाव बरोबरीत, तिरका मागे गेला तर प्यादं वजीर होणार आणि मामा जिंकणार. खुरानाजींनी राजा उचलला आणि तिरका ठेवला.

मामांनी हात पुढे केला, पण खेळले नाहीत.

"उधर नहीं, खुरानाजी," ते म्हणाले. "सीधा पीछे."

"क्यों?"

"उधर जाएंगे तो हार जाएंगे."

"तो हारने दो ना, यार."

"ऐसे नहीं," मामा म्हणाले. "गलत है. वापस रखिए."

खुरानाजींनी राजा उचलून सरळ मागे ठेवला. पुढच्या चाली मामांनी पाठ केलेल्या होत्या, तशाच झाल्या. शेवटी दोन राजे समोरासमोर, मध्ये ते प्यादं. खुरानाजींच्या राजाला शह नव्हता आणि हलायला घरही नव्हतं. डाव बरोबरीत. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. दोघांपैकी कोणी उठेना. मग ज्याला जायचं होतं तो उठला.

टॅक्सीत सामान ठेवताना खुरानाजी मला म्हणाले, "जीत जाते तो मैं चैन से चला जाता. ज़िद्दी आदमी है." मी परत येऊन मामांना विचारलं, की इतकी वर्षं ज्यासाठी घालवली ते हातात आलं असताना का सांगितलंत? मामा सोंगट्या आवरत होते. "तिकडे कोणाशी तरी खेळेलच ना तो," ते म्हणाले. "त्याला हे यायला हवं. तिकडे कोण सांगणार?"

खुरानाजींचा फोन अधूनमधून येतो. थंडीबद्दल बोलतात, पानिपतच्या ब्लँकेटची तिथे काही मात्रा चालत नाही म्हणतात. एकदा त्यांनी कळवलं की तिथल्या वाचनालयात एका म्हाताऱ्याशी हरता हरता त्यांनी राजा सरळ मागे नेला आणि डाव वाचवला. मामांनी ते मला दोनदा सांगितलं, आणि स्वतः जिंकल्यासारखं सांगितलं.

आता मेट्रो आली आहे, बाजार आला आहे. हिवाळ्यातल्या दुपारी मामा त्याच बाकावर पट मांडतात. पटावर तीनच सोंगट्या असतात. मागच्या महिन्यात नवीन राहायला आलेला एक पुण्याचा मुलगा लॅपटॉपची बॅग सावरत थांबला आणि म्हणाला, "काका, बाकीचे पीसेस हरवले का? मी ऑनलाइन मागवून देतो, चलो, नो प्रॉब्लेम." मामांनी त्याला बसायला जागा करून दिली. "ते राहू दे," ते म्हणाले. "आधी मला सांग, हा राजा तुझा आहे, तर तू कुठे जाशील?"

मुलाने राजा उचलला आणि तिरका ठेवला. मामांनी तो अलगद उचलून परत जागेवर ठेवला, आणि ऊन बाकावरून सरकेपर्यंत त्याच्या हाताकडे पाहत राहिले.