पाय टेकेल अशी गाडी

वस्तादांच्या दुकानात दाढी-कटिंगचे पैसे पडत, मोटारसायकलीवरचा सल्ला मात्र फुकट असे. तो नको म्हणायची सोय नव्हती, कारण सल्ला सुरू व्हायचा तेव्हा वस्तरा गळ्यावर असायचा.

वस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव ठाऊक असलेली एकटी बायको, आणि ती ‘अहो’च्या पुढे कधी गेली नाही. हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं, तेही कात्रीच्या हाताला नव्हे, गाड्यांच्या गप्पांना. लग्नाआधी एक हिवाळाभर वस्तादांनी मित्राची मोटारसायकल चालवली होती. तेवढीच. पण त्या एका हिवाळ्यातून त्यांनी इतके घाट, इतकी वळणं आणि इतके थोडक्यात वाचलेले ट्रक काढले होते, की ते सगळे खरे धरायचे तर तो हिवाळा चांगला चार-पाच वर्षं चालला असावा. मित्र परगावी गेला, गाडीही गेली. घाट तेवढे दुकानात राहिले.

“गाडी घ्यायची ना? मग गाडीच घे,” ते म्हणायचे. “शिलाई मशीन घेऊ नकोस.” शिलाई मशीन म्हणजे छोट्या इंजिनाच्या, किडकिडीत, टुकटुक करत जाणाऱ्या सगळ्या गाड्या. मग कात्री हवेत थांबायची, आवाज एक पायरी खाली उतरायचा आणि वाक्य यायचं, “वजन पाहिजे, वजन. वजन असलं की रस्ता गाडीला मान देतो.”

औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरने एकदा विरोध करून पाहिला होता. हा अंगाने लहानसा माणूस. बोलायचा तर आधी स्वतःच्या घशाची परवानगी घेतल्यासारखा. “नाही, मी काय म्हणत होतो वस्ताद, ती छोटीवाली पण तशी बरी वाटते. म्हणजे मला. म्हणजे आपलं जायला-यायला.”

वस्तादांनी दोन बोटांनी त्याचं डोकं खाली दाबलं. “घे की. घरातल्या फाटक्या चादरी पण शिवून होतील.”

दुकान खो-खो हसलं. टॉवेलाखाली कंपाउंडरही हसला. काही दिवसांनी त्याने काळीकुळकुळीत, रेड्यासारखी गाडी घेतल्याची बातमी आली. तेव्हापासून तो खुर्चीत बसला की वस्ताद विचारायचे, “कशी चालते?” तो म्हणायचा, “मस्त, वस्ताद. मस्त.” येताना मात्र तो नेहमी चालत यायचा. चालणं प्रकृतीला बरं असतं म्हणायचा. औषधाच्या दुकानातला माणूस, त्याला ठाऊक असणार.

उंचीने वस्ताद बेताचेच. पण दुकानात ते कुणाच्या लक्षात येत नसे. खुर्चीमागे ते एका लाकडी फळीवर उभे राहत, आणि खुर्चीला पायाचं पॅडल होतं. गिऱ्हाईक लांबलचक निघालं की पॅडल दाबून धरायचं, खुर्ची सुस्कारा टाकत खाली यायची. जन्मभर जग त्यांच्या कोपराच्या पातळीला येऊन थांबलेलं. आपण ठेंगणे आहोत हे त्यांनाही कुणी कधी सांगितलं नव्हतं.

जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली, काही अंथरुणाला खिळली. त्यांचे केस कापायला घरी जावं लागे. मेहुणा न्यायचा. तो पाण्याचे मीटर तपासण्याच्या नोकरीत होता आणि दिवसभर दारोदार थांबत जायला त्याच्याकडे होती एक शिलाई मशीनच. सामानाची पिशवी मांडीवर घेऊन वस्ताद मागे बसायचे आणि सिग्नलला गाडी थांबली की म्हणायचे, “इंजिन आहे की डास आहे रे?” मेहुणा म्हणायचा, “डास आहे, भावजी. धरून बसा.”

“माझ्या भावाच्या गाडीवर बसून माझ्या भावाच्या गाडीला नावं ठेवता,” बायको म्हणायची. “उतरवून देईल एक दिवस.”

उतरवलं नाही त्याने. त्याची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली एवढंच. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांचे केस मानेवर आले, निरोपावर निरोप यायला लागले. आता स्वतःची गाडी घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुकानात जाहीर करण्यात आलं, की वस्ताद गाडी घेणार. कोणती, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

सुट्टीच्या दिवशी मेहुण्याला घेऊन ते शोरूमला गेले. तिथला विक्रेता तरुण होता, टाय इतका आवळलेला की प्रत्येक वाक्यात दोनदा ‘सर’ म्हणून तो मधेमधे श्वास घेत असावा. “या सर, बसा सर. आधी फील घ्या सर. गाडी ही सर, बघायची गोष्ट नाही सर, फील करायची गोष्ट आहे.”

वस्ताद सरळ भारी गाड्यांच्या रांगेकडे गेले. मेहुणा छोट्यांपाशी जरासा रेंगाळला. वस्तादांनी मागे न बघता त्याला बोटाने बोलावलं.

गाडी स्टँडवर कललेली होती, तोवर सगळं झकास. डावा पाय जमिनीवर, हात हँडलवर, समोरच्या काचेत एक रुबाबदार माणूस. मग विक्रेत्याने गाडी सरळ केली. डावा तळवा सुटला, उरला अंगठा. उजव्या पायाला तर खाली काही लागेचना. जमीन कुठेतरी होती, पण जरा खालच्या मजल्यावर.

वस्तादांच्या डोक्याने काही ठरवायच्या आधी पायाने ठरवलं. उजवा पाय पुढे सरकला, त्याला पॅडलसारखं काहीतरी सापडलं आणि त्याने ते सवयीने दाबून धरलं. सीट खाली आली नाही. त्याने पुन्हा दाबलं.

“काय शोधताय सर?”

“काही नाही. ब्रेक बघतोय.”

“ब्रेक छान आहे सर.” विक्रेत्याने थोडं वाकून पाहिलं. “पण तुम्ही सर, सीट खाली यायची वाट बघताय का? ती येत नाही सर. ती आहे तिथेच असते.”

तेवढ्यात गाडी उजवीकडे कलली. पडली नाही. पडली असती तर बरं, असं वस्तादांना नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. विक्रेत्याने हँडल धरलं आणि मेहुण्याने वस्तादांच्या बगलेत हात घालून, जत्रेत पाळण्यातून पोर उतरवतात तसं त्यांना अलगद खाली ठेवलं. ठेवून शर्टही सारखा केला.

कान तापले होते. तरी तोंडातून निघालं, “हीच देऊन टाका. सवय होईल.”

विक्रेता जरा घुटमळला. “सर, एक बोलू का? रागवू नका. ती बघा कोपऱ्यातली काळी. नवीकोरी आहे. मालक औषधाच्या दुकानात आहेत. घेतली आणि फाटकातून बाहेर काढतानाच अंगावर आली. घोट्याला प्लास्टर. बरे झाले ते थेट परत द्यायला आले, बिचारे खाली मान घालून.”

वस्तादांनी काळ्या गाडीकडे पाहिलं. मधे एकदा कंपाउंडर बरेच दिवस फिरकला नव्हता आणि आला तेव्हा केस कॉलरच्या खाली उतरले होते, ते त्यांना आठवलं. “कुठे होतास रे?” “बाहेरगावी, वस्ताद.” “गाडीवर गेला असशील.” “हो तर. मस्त.” खुर्चीत चढताना त्याने एक पाय सावकाश उचलला होता. वस्तादांनी पॅडल दाबून खुर्ची खाली घेतली होती, बस्स.

“आणि गंमत सांगू सर?” विक्रेत्याला आता रंग चढला. “हे एकटेच नाहीत. त्यांच्या भागात कुणीतरी दाढी-कटिंगवाला आहे सर. तो सगळ्यांना भारीच घ्यायला लावतो. आम्ही इथे त्याला आमचा फुकटचा एजंट म्हणतो.” मग त्याने मान एका बाजूला टाकली, दोन बोटांची कात्री हवेत थांबवली, आवाज एक पायरी खाली आणला आणि म्हणाला, “वजन पाहिजे, वजन. वजन असलं की रस्ता मान देतो. सर, रस्ता कुणाला मान देतो सर?”

नक्कल हुबेहूब होती. त्याने वस्तादांना कधी पाहिलंही नव्हतं, गिऱ्हाइकांनी केलेल्या नकलेची तो नक्कल करत होता. म्हणजे लोक बाहेर जाऊन हे करत होते. आपल्या खुर्चीतून उठून, मानेवरचे केस झटकून, वळणावर पोचले की करत असणार.

मेहुण्याने भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीत असं डोकं घातलं, की जणू उद्या तिच्यावर परीक्षा आहे. टोमणा मारला असता तर वस्तादांना उलटून बोलता आलं असतं. गप्प बसलेल्या माणसाला काय उलटून बोलणार?

“तुमचा काय व्यवसाय, सर?” विक्रेत्याने विचारलं.

“घरोघरी जावं लागतं,” वस्ताद म्हणाले. “कामासाठी.”

आपल्या धंद्याचं नाव त्यांनी जन्मात पहिल्यांदा गिळलं.

मग ते छोट्यांच्या रांगेत जाऊन बसले. दोन्ही तळवे सपाट जमिनीवर टेकले. पाठ सुटली, खांदे उतरले. विक्रेत्याने मागच्या आवारात एक चक्कर मारायला दिली. क्लच सोडताना एकदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदा निघाली. इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. हेच तर कंपाउंडर घाबरत घाबरत सांगत होता. जायला-यायला बरी वाटते, म्हणून.

गाडी घरी आली. बायको दारात उभी राहून पुढून-मागून बघत म्हणाली, “अगोबाई, माझ्या भावाच्या गाडीची धाकटी बहीण.” एरवी वस्तादांनी दोन शब्द परत केले असते. आज ते चप्पल काढून सरळ आत गेले. बायकोने भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, “ताई, आज नको.”

पुढचे काही दिवस गाडी दुकानापासून दूर, मागच्या गल्लीत लावली जाऊ लागली. चोर जसा मागे-पुढे बघून कुलूप उघडतो तसे वस्ताद ते लावत. दुकानात मात्र लपायला जागा नव्हती. समोर आरसा, मागे आरसा. मान वळवावी तिकडे एक वस्ताद दुसऱ्या वस्तादाकडे बघत उभा, आणि दोघेही फळीवर चढलेले.

अशात एका गर्दीच्या सकाळी कंपाउंडर येऊन खुर्चीत बसला. बाकावर नुसत्या गप्पांना टेकलेले टेम्पोवाला, निवृत्त हेडमास्तर आणि आणखी दोघं-तिघं होते. वस्तादांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. रात्रभर घोकलेलं एक वाक्य जिभेवर होतं. चुकलं माझं, एवढंच. पण ते सगळ्यांसमोर म्हणायचं तर कशाबद्दल चुकलं तेही सांगावं लागणार, आणि मग या बिचाऱ्याचं ‘मस्त, वस्ताद, मस्त’ भर दुकानात उघडं पडणार. स्वतःचं मन हलकं करायला त्याचीच पुन्हा शोभा करायची?

“काय वस्ताद,” टेम्पोवाला म्हणाला, “गाडी आली म्हणे. दाखवा की. का लपवून ठेवलीय?”

“लावलीय मागे.”

“मोठीच असणार. काय कंपाउंडरसाहेब, तुमच्यासारखी? तुमची पण कधी बघितली नाही आम्ही. आणा की एकदा, दोन्ही शेजारी-शेजारी लावू.”

माणसाला लाज वाटली की तोंड सावरता येतं, मानेला ते जमत नाही, आणि वस्तादांनी आयुष्यभर मानाच बघितल्या होत्या. कंपाउंडरची मान कापडाच्या कडेपासून वर लाल होत गेली, कानापर्यंत पोचली. “म्हणजे मी काय म्हणत होतो,” त्याने सुरुवात केली.

वस्तादांनी दोन बोटांनी त्याचं डोकं खाली दाबलं. “गप. कानाशी कात्री आहे.” मग मोठ्याने म्हणाले, “छोटी घेतली मी.”

“कुणाला?”

“मला.”

मग टेम्पोवाला सावकाश म्हणाला, “म्हणजे… शिलाई मशीन?”

“शिलाई मशीन.”

“अहो वस्ताद,” हेडमास्तर म्हणाले, “आमच्या पुतण्याला तुम्ही काय-काय बोललात. पोरगा दोन दिवस जेवला नाही.”

गुडघे दुखतात, बायको ऐकत नाही, अशी दोन-तीन कारणं रांगेत उभी होती. वस्तादांनी त्यांना परत पाठवलं. “मोठीवर पाय पोचले नाहीत माझे,” ते म्हणाले. आणि मग सगळंच सांगितलं. खालच्या मजल्यावरची जमीन. दाबून धरलेला ब्रेक. ‘सीट आहे तिथेच असते सर.’ बगलेत हात घालून उतरवलेलं पोर. टाय आवळलेल्या आवाजात, मेहुण्याने शर्ट सारखा केला त्यासकट. एक हिवाळा, तोही मित्राच्या गाडीवरचा, हेही सांगितलं. दुकान आडवं झालं. टेम्पोवाला डोळे पुसत म्हणाला, “वस्ताद, पुन्हा एकदा, तो पॅडलचा पाय.” वस्तादांनी पुन्हा करून दाखवलं. हात थरथरत होता, आणि फळीवरून पळून जावंसं वाटत होतं. पण दुसऱ्या कुणाची गाडी बघायची कुणाला आठवण राहिली नाही.

लोक हसत-हसत पांगले. बाहेर वळणावर जाऊन आज ते काय करणार, हे वस्तादांना ठाऊक होतं. कापड सोडून त्यांनी झटकलं. कंपाउंडर खुर्चीतून उतरला, पण गेला नाही.

“शोरूममध्ये कळलं का?” त्याने विचारलं.

“हो.”

“मला वाटलंच.”

“अरे, त्या दिवशी मी ते चादरींचं जे बोललो…”

“ते जाऊ द्या.” कंपाउंडरने मागचा छोटा आरसा उचलला आणि मानेमागे धरला. “म्हणजे मी काय म्हणत होतो वस्ताद, आज मागचे जरा जास्तच गेलेत. पॅडल दाखवताना.”

वस्तादांनी पाहिलं. गेले होते खरे. कानामागे चांगला खळगा पडला होता. “बस,” ते म्हणाले, “सारखे करतो.”

“नको,” कंपाउंडर म्हणाला, “तुमचा हात अजून थरथरतोय.”