नसल्यास, कारणे काय

मला दिल्लीत उभं केलं ते लोणारेकाकांनी. हे आधी सांगून टाकतो. काका गेले. महिना झाला, पवनारला, स्वतःच्या घरी. काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं, "प्रमोद, तुहे काका गेले रे," आणि मी खासदारसाहेबांच्या स्वयंपाकघरात हातात लाटणं घेऊन उभाच राहिलो. अधिवेशन चालू होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं. मी सुट्टी मागितली नाही.

मी नववीत शाळा सोडलेला. काका साहेबांचे जुने स्वीय सहायक. मंत्र्यांना विचारायचे प्रश्न तेच तयार करत. त्यांचा हात कापायचा, म्हणून दुपारी भांडी आवरली की मला शेजारी बसवून पक्की प्रत उतरवून घेत. "अक्षर चांगलं आहे तुहं, वाया काऊन घालवतं?" म्हणाले होते. मला त्या कामाचं भारी नवल. एवढ्या मोठ्या माणसाला प्रश्न विचारायचा, तर त्यालाही नियम! मत विचारायचं नाही, माहिती विचारायची. टोमणा नको, वाद नको, दीडशे शब्दांत आटपायचं. गावात एसटी येत नाही हे राज्याचं, ते इथं चालत नाही. राष्ट्रीय महामार्ग मात्र दिल्लीचा.

हे ऐकलं आणि मला माय आठवली. जाम गावाच्या अलीकडे, महामार्गाला लागून आमचं गाव. माय महामार्गापलीकडच्या ढाब्यावर पोळ्या करते, रोज दोनदा रस्ता ओलांडते. एकदा ट्रकच्या आरशात तिचा पदर अडकला होता... मी भीत भीत एक कागद लिहून काकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

"यात हात जोडणं आहे, रडणं आहे, सरकार झोपलं काय म्हणून टोमणाही आहे. प्रश्न कुठी आहे बावा?"

"मंग माह्या मायचं कुठी लिहू काका?"

"'पादचारी' लिहिलं ना, त्यात तुही माय आलीच."

त्यांनी तीन ओळी सांगितल्या. पादचाऱ्यांसाठी तिथं भुयारी मार्ग मंजूर आहे काय. असल्यास, केव्हा पूर्ण होणार. नसल्यास, कारणे काय. उतरवताना तिसरी ओळ मी गाळली. मंत्र्यांच्या तोंडी आपणच 'नाही' कशाला घालायचं? अशुभ वाटलं मला. साहेबांनी सही केली, कागद गेला. लेखी उत्तर आलं: (क) नाही. (ख) प्रश्न उद्भवत नाही. संपलं. 'नाही' का, हे आम्ही विचारलंच नव्हतं, आणि एकदा उत्तर मिळालेला प्रश्न त्या अधिवेशनात पुन्हा विचारता येत नव्हता.

साहेब चिडले. नोकरी गेली असंच मी धरून चाललो होतो. काका पुढे होऊन म्हणाले, "माह्याकडून राहून गेलं साहेब." इतक्या वर्षांत त्यांच्यावर असा ठपका कधी आला नव्हता. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मंत्र्याच्या मनात नाई असन, तर आपण न लिहिल्यानं ते होय होते काय? नाईचं कारण हाती आलं म्हणजे पुढचा प्रश्न सुचते." रागावले नाहीत. का नाही रागावले, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न तिन्ही ओळींसकट गेला. काका मात्र आजारी होऊन पवनारला निघाले. "उत्तर आलं की फोनवर वाचून दाखवजो," एवढं सांगून गेले. उत्तर आलं ते काका वारल्यावर नऊ दिवसांनी. पुन्हा नाहीच. पण खाली कारण होतं: त्या ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांची मोजणी झालेली नाही.

काकांच्या टेबलाशी अजून नवं कोणी आलेलं नाही. दुपारी मी तिथं बसतो, त्यांच्या खुर्चीवर नाही, शेजारच्या स्टुलावर. परवा तिथंच पुढचा मसुदा लिहिला: मोजणी होणार आहे काय, असल्यास केव्हा, नसल्यास का. सहीसाठी नेला तेव्हा साहेबांना सांगितलं, पहिल्या प्रश्नातली तिसरी ओळ काकांनी नाही, मी गाळली होती. साहेबांनी कागद पुढे ओढून वाचला. मग त्यांनी पेन मागितलं.

माय आजही सकाळी रस्ता ओलांडून गेली असेल. काका, ज्या दिवशी उत्तरात 'होय' येईल, त्या दिवशी तो कागद घेऊन मी पवनारला येईन, काकूंना वाचून दाखवीन. तुमचं ऋण मी कधीतरी फेडीनच.