दिवेलागणीपर्यंतचं कुलूप

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून भांडी घासायला जाणारी मी बाई. माझे वडील तळेगावला शाळामास्तर. लहानपणी परसात पांढरं काहीतरी हलतंय म्हणून मी किंचाळले, तर त्यांनी मला कडेवर घेऊन तिथवर नेलं आणि वाळत घातलेलं धोतर हातात दिलं. "घाल घडी," म्हणाले. तुमच्या मासिकात लोक असले अनुभव लिहितात, ते वाचूनही मी आजवर नाकच मुरडत आले. पण एका दुपारची घडी मला अजून घालता आलेली नाही. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमचे हे तेव्हा लोणावळ्याच्या एका शाळेत शिकवायचे. डोक्यात मात्र एकच खूळ — सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा. पास झालं की मामलेदार! एकदा बसून झालं होतं, थोडक्यात हुकलं होतं. वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप. मामंजींनी तर गावभर सांगूनही टाकलं होतं, आमचा मुलगा आता साहेब होणार म्हणून. जो तो पत्रातून विचारायचा — काय, कधी? यांनी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. लोणावळ्यात येणारे-जाणारे फार, म्हणून आम्ही वलवणला, धरणाच्या अंगाला, पारूमावशींच्या घरी बिऱ्हाड केलं.

पारूमावशी म्हणजे आमच्या घरमालकीण. शेतीभाती असलेली, दांडगी, तोंडानं फटकळ पण पोटात माया. त्यांनी पुढची खोली आम्हाला राहायला दिली आणि मागची भाताची खोली रिकामी करून यांना अभ्यासाला. भाताची खोली म्हणजे काय ते आधी सांगते. जाड लाकडी दार, बाहेरून साखळीची कडी, आणि खिडकी म्हणाल तर पार वर आढ्याजवळ एक झरोका. भात काढलं तरी वास काही गेला नव्हता. एक चटई, एक उतरतं डेस्क, पुस्तकांची चळत, आणि कोपऱ्यात पोती बांधायचा दोर तसाच पडलेला. बस्स.

रोज सकाळी मी यांना प्रश्न विचारायचे. चूल पेटवता पेटवता — "सालबाईचा तह कुणाकुणात झाला?" भाकरी थापता थापता — "मागणी वाढली आणि पुरवठा तेवढाच राहिला तर?" हे अंगणात फेऱ्या मारत उत्तरं द्यायचे. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र... अहो, मला इकडे रयतवारी न् जमीनदारी यांतला फरक तोंडपाठ झाला आणि घरातलं मीठ संपलंय हे काही कळेना! पारूमावशी म्हणायच्या, "मास्तरीणबाई, मास्तरांच्या बदली तुमीच बसा की परीक्षेला." खरं सांगते, ती सकाळची वेळ आम्हा दोघांनाही फार आवडायची.

दुपारी मात्र यांचं लक्ष लागेना. पाणी पाहिजे, पोस्टमन आला का बघतो, घाटातून गाडी वर आली वाटतं... सतरा कारणं काढून बाहेर. शेवटी स्वतःच लोणावळ्याच्या बाजारातून एक भलंथोरलं कुलूप घेऊन आले. मला म्हणाले, "जेवण झालं की मला आत घालायचं, बाहेरून कुलूप लावायचं, आणि दिवेलागणीपर्यंत उघडायचं नाही. मी विनवलं, रागावलो, काहीही केलं तरी नाही. माझ्या गळ्याची शपथ घे."

मी घेतली. इथेच माझी गंमत बघा. भूत नाही, पिशाच नाही, काही नाही मानणारी मी — पण नवऱ्याच्या गळ्याची शपथ मोडायची? छे! मोडली न् यांना काही झालं म्हणजे? घेतलेली शपथ सुटायची असेल तर ज्यानं घातली त्यानंच तोंडानं 'सुटली' म्हणायला हवं, एवढं मला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं.

पहिले काही दिवस हे आतून हाका मारायचे. "वेणू, अगं उघड जरा." मी हसून म्हणायचे, "दिवेलागण झाली नाही अजून!" पुढे पुढे तर हातातलं काम न सोडताच म्हणायला लागले. कानाला सवय झाली. संध्याकाळी कुलूप काढलं की हे डोळे चोळत बाहेर यायचे, "खूप वाचलं आज," म्हणायचे. डोळे लाल. मला आपलं कौतुक — किती वाचतो बाई हा माणूस!

पौष महिना होता. ऊन कोवळं, धरणाचं पाणी अंगणातून लखलखताना दिसायचं. त्या दिवशी सकाळी तव्याचा चटका बसून माझ्या उजव्या मनगटावर ताजा डाग उठला होता. हे विहिरीवर हातपाय धुवायला गेले, म्हणून मी केरसुणी घेऊन भाताच्या खोलीत शिरले. आत केर काढते आहे, तेवढ्यात मागे दार लागलं. वाऱ्यानं असेल म्हणून मी ओढलं. उघडेना. कडी लावल्याचा आवाजही आला नव्हता, तरी दार म्हणून हलेना.

आणि मग बाहेरून माझा आवाज आला.

"अहो, पान वाढलंय. या लवकर, भाकरी गार होतेय."

आधी मला रागच आला. म्हटलं, ही पारूमावशी माझी नक्कल करतेय! मी दारावर थापा मारल्या. "मावशी, पुरे झाली थट्टा, उघडा!" कुणी ओ देईना. पुढच्या खोलीत पाट मांडल्याचा आवाज, तांब्या ठेवल्याचा आवाज. मी तांब्या ठेवते ना, तर त्यावर फुलपात्र जरा आपटतेच. ते तसंच आपटलेलं मला ऐकू आलं. हे म्हणाले, "आज अर्थशास्त्र संपवून टाकतो." आणि माझा आवाज म्हणाला, "टाका बरं!"

थोड्या वेळानं दार उघडलं. हे आत आले. मी बाहेर धावायला गेले, पण यांच्या पाठोपाठ दार ओढून घेणारा हात दिसला आणि मी जागच्या जागी थिजले. हिरव्या बांगड्या, मनगटावर चटक्याचा ताजा डाग. मी माझं मनगट बघितलं. तोच डाग, त्याच जागी. दार मिटलं, कडी पडली, कुलूप खटकन लागलं.

"अहो," मी म्हटलं. "अहो, मी इथे आहे." हे माझ्या अंगावरून गेल्यासारखे गेले न् चटईवर बसले. मी पुढ्यात जाऊन बसले, ओरडले, शेवटी खांद्याला धरलं. यांनी फक्त अंग शहारल्यासारखं केलं आणि शाल ओढून घेतली.

मग मी पाहिलं, हे रोज काय करत होते ते.

पुस्तक उघडलं. खूण घातलेली होती ती अगदी सुरुवातीच्या पानांत — तेच पान, पेन्सिलीनं रेघा मारून मारून काळं झालेलं. एक ओळ मोठ्यानं वाचली. पुन्हा तीच. पुन्हा तीच. मग पुस्तक मिटून भिंतीला डोकं टेकलं आणि हे रडायला लागले. आवाज न करता, तोंडात शाल कोंबून. सकाळी फडाफडा उत्तरं देणारा माझा नवरा... मला इतकं भरून आलं, काय सांगू! अहो, नको ती मामलेदारी, नको काही, मी म्हणत होते, पण ते कुठे पोचायला?

हे उठून दाराशी गेले. "वेणू, उघड गं. मला इथे श्वास घ्यायला होत नाही." दारावर आतल्या बाजूनं, यांचा हात पोचेल तिथे, लाकूड नखांनी खरवडलेलं होतं. बाहेर सुपाचा आवाज चालू होता. तांदूळ पाखडणं क्षणभरही थांबलं नाही, आणि माझा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा हसरा.

"दिवेलागण झाली नाही अजून!"

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हेच, अगदी याच सुरात, मी रोज म्हणत होते.

यांनी मान हलवली, जसं काही ठीकच आहे. कोपऱ्यातला दोर उचलला. हातात घेऊन बसले आणि वर आढ्याकडे बघायला लागले. दोर हाताळून हाताळून मऊ झालेला होता — तो काही आज पहिल्यांदा हातात आला नव्हता. मी दारावर डोकं आपटलं, बाहेरच्या त्या बाईला शिव्या दिल्या, देवाचा धावा केला. आणि मग काय सुचलं कोण जाणे — मी यांच्या पुढ्यात बसले आणि सकाळच्या आवाजात विचारलं,

"नाईल नदी कुठून निघते?"

यांचे ओठ हलले. "व्हिक्टोरिया सरोवर."

माझ्याकडे बघितलं नाही. नजर आढ्यालाच. पण उत्तर दिलं!

"वसईचा तह कुणी केला?"

"दुसऱ्या बाजीरावानं... इंग्रजांशी."

मग मी थांबलेच नाही. नद्या विचारल्या, बंदरं विचारली, पेशव्यांच्या लढाया विचारल्या, खंड म्हणजे काय, चलन कशाला म्हणतात, कापसाला काळी जमीन का लागते... बाकी माझं एक अक्षर यांना ऐकू जात नव्हतं, प्रश्न तेवढा जायचा. मी जरा दमून थांबले की नजर पुन्हा वर जायची न् हाताची मूठ दोरावर आवळायची. म्हणून थांबायची सोय नव्हती. घसा सुकला, तरी विचारत राहिले. प्रश्न संपले तेव्हा तेच पुन्हा विचारले. झरोक्यातलं ऊन भिंतीवर चढत चढत पिवळं झालं. केव्हातरी दोर यांच्या मांडीवरून खाली घसरला आणि यांनी तो उचलला नाही.

कुलूप वाजलं. मी उजेडाकडे झेपावले... आणि पुढच्या क्षणाला मी दाराबाहेर उभी होते. एका हातात कुलूप, एका हातात किल्ली. हे आतून डोळे चोळत माझ्याकडे बघत होते.

"बरं झालं आज," म्हणाले, "दाराबाहेरून प्रश्न विचारत बसलीस ते."

मी बोलायला गेले तर घशातून आवाजच फुटेना. पुढचे कितीतरी दिवस घसा बसलेला होता. मी आत गेले, दोर उचलला आणि कशीबशी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सुटली म्हणा."

"काय?"

"शपथ! सुटली म्हणा आधी!"

माझ्या हातातल्या दोराकडे यांनी बघितलं आणि यांचा चेहरा पडला. "सुटली," म्हणाले, आणि माझ्या पदरात तोंड खुपसून मोठ्यानं रडले. रात्री मामंजींना पत्र लिहिलं — परीक्षेला बसत नाही, शाळेत परत रुजू होतोय. मामंजी पुढे वर्षभर आमच्याशी धड बोलले नाहीत. न बोलेनात!

दुसऱ्या दिवशी मी पारूमावशींना भीतभीत विचारलं, "मावशी, काल दुपारी मी कुठे होते हो?"

"आता गं बया! माज्यापाशीच व्हता की अंगनात. तांदूळ नाय का पाखडले समदे?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पर येक सांगू का, बाई... काल तुमी कायच बोलत न्हवता. मी लय इचारलं, तुमी आपलं सूप हालवताय. मास्तरांनी हाक मारली का तेवढं म्हनायच्या, दिवेलागण झाली न्हाई अजून. मला बी कसंतरीच झालं. म्हनलं, बाईला ऐकू येतंय, मग उठत का न्हाईत?"

तांदूळ खरंच पाखडलेले होते. एक खडा नाही, कोंड्याचा कण नाही. मला तसे आजतागायत जमलेले नाहीत. पारूमावशींना सांगून ते दार मी बिजागरीतून काढवलं आणि मगच बिऱ्हाड हलवलं.

या गोष्टीला वर्षं झाली. हे भूगोलाचे चांगले मास्तर म्हणून आता लोणावळ्यात ओळखले जातात, आम्हाला एक मुलगी आहे, सगळं ठीक आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, मला तेव्हा ताप असणार. असेल. मग यांना प्रश्न कुणी विचारले? आणि अंगणात ते सूप कुणी धरलं होतं? मला याचा काहीही उलगडा होत नाही. मी आत कशी अडकले, याची मला आता भीतीही वाटत नाही. भीती वाटते ती बाहेर बसलेल्या त्या बाईची. तिनं वावगं असं काहीच केलं नव्हतं. शपथ पाळली, तांदूळ निवडले, वेळेवर दार उघडलं.

म्हणून अजूनही, दुपारी हे खोलीत वाचत बसले आणि फार वेळ आवाज आला नाही, की मी हातातलं काम खाली ठेवते. मुलगी हसते मला. मी स्वयंपाकघरातून विचारते,

"अहो, नाईल नदी कुठून निघते?"

उत्तर येईपर्यंत मी तशीच उभी असते.